निर्वासितांचा रोल प्ले घेताय? मग अर्धा वर्ग टेबलाच्या पलीकडं बसवा

शाळेत निर्वासितांवर रोल प्ले घ्यायचा म्हटलं की ठरलेला प्रकार असतो, पाच मिनिटात घर सोडायचंय, एका पिशवीत काय काय भरशील सांग. पोरं मोबाईल, चार्जर, आईचे दागिने, घरातलं कुत्रं असलं कायबाय सांगतात, दोघीतिघी रडवेल्या होतात, फोटो ग्रुपवर पडतात, झालं. मी आठवी-नववीला इतिहास शिकवते म्हणून बोलते, पोरांना वाईट वाटतं हे खरंय, पण घंटा झाली की ते तिथंच राहतं.

माझं म्हणणं, अर्ध्या वर्गाला निर्वासित करूच नका. त्यांना गावकरी करा, सरपंच करा, घरमालक करा, टेबलावर बसलेला क्लार्क करा. आमच्याकडं क्लार्क झालेल्या पोरानं पहिल्यांदा आधार मागितलं. समोरचा म्हणाला घर जळलं ओ साहेब. हा म्हणतो, मग जळाल्याचा दाखला आणा! वर्ग खो खो हसला, पण पाचव्या माणसापर्यंत तो वैतागला आणि मलाच विचारतोय, "बाई, ह्याला आत सोडलं आणि उद्या वरच्या साहेबानं मलाच धरलं तर?" आता ह्याला काय उत्तर देणार? भारतानं संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी आपल्याकडं वेगळा कायदाही नाही, म्हणजे पोराचा प्रश्न अगदी बरोबर होता. पुढचा सगळा तास त्यावरच गेला आणि पोर्शन राहिला तो राहिलाच.

आणि उदाहरणं शोधायला लांब कशाला जायचं. दुसऱ्या महायुद्धात रशियानं पोलंडच्या लोकांना घरातनं उचलून सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकलं, १९४१ नंतर सुटका झाल्यावर त्यातले बरेच इराणमार्गे बाहेर पडले आणि जवळपास ५००० जण आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला आले, बहुतेक बायका आणि पोरं. १९४३ ते १९४८, पाच वर्षं. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं. कोल्हापुरातल्या महावीर गार्डनमध्ये त्यांचं स्मारक आहे, त्याच्या शेजारी बसून भेळ खाणाऱ्या किती जणांनी ते वाचलंय देव जाणे. ते गेल्यावर त्याच जागेत फाळणीत सिंध सोडून आलेली माणसं राहिली, तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आपण जातो तेच. मग रोल प्लेला हेच घ्या की, वळिवड्याचा शेतकरी म्हणून तू काय म्हणशील, ह्यांची भाषा येत नाही, देव वेगळा, पोरं तुझ्या बांधावरनं पळतायत, दूध विकशील का? भाव काय लावशील? भाव वाढवणारी पोरं निघतातच, त्यांना गप्प बसवू नका, तिथंच खरी चर्चा होते.

एक मात्र सांभाळा. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडची पोरं वर्गात असतात, २०१९ आणि २०२१ च्या पुरात त्यांनी खरंच घर सोडलंय. पूरग्रस्त म्हणजे निर्वासित नव्हेत, पाणी ओसरल्यावर ते परत गेले, ज्याला जीवाच्या भीतीनं देश सोडावा लागतो त्याला ती भीती आहे तोवर परत जाता येत नाही, हा फरक पोरांना सांगाच. पण "तुला अनुभव आहे, तू कर" म्हणून अशा पोराला पुढं ढकलू नका. आधी बाजूला घेऊन विचारा, नको म्हणाला तर त्याला क्लार्कचं टेबल द्या.

कुणाला ह्या रोलच्या चिठ्ठ्या हव्या असतील तर इनबॉक्स करा, हातानं लिहिलेल्या आहेत, अक्षर चालवून घ्या.