खुलासा: ऑब्झर्व्हर पॅटर्न बाद झालेला नाही

‘जावा ९ पासून ऑब्झर्व्हर पॅटर्न डेप्रिकेटेड आहे, मुलाखतीत त्याचं नावही काढू नका’ असा मेसेज फिरतोय. ऑब्झर्व्हर पॅटर्न म्हणजे एका ऑब्जेक्टमध्ये बदल झाला की नोंदवलेल्या इतर ऑब्जेक्ट्सना सूचना देण्याची पद्धत; डेप्रिकेटेड म्हणजे ‘अजून चालतं, पण यापुढे वापरू नका’ असा शिक्का. मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे, म्हणूनच तो पटतो. मीही तो न तपासता पुढे पाठवला होता, चूक माझीच.

२०१७ मध्ये आलेल्या जावा ९ ने डेप्रिकेटेड ठरवले ते जावा-युटिल पॅकेजमधला ‘ऑब्झर्व्हेबल’ क्लास आणि ‘ऑब्झर्व्हर’ इंटरफेस. पॅटर्न नव्हे. जावाडॉक (जावाची अधिकृत माहितीपानं) उघडून बघा, कारणंही तिथेच आहेत: सूचना कोणत्या क्रमाने जातील याची हमी नाही, आणि एका बदलाला एक सूचना असंही नातं नाही. शिवाय ऑब्झर्व्हेबल हा क्लास असल्यामुळे एक्स्टेंड करायची (म्हणजे दुसऱ्या क्लासचा वारसा घ्यायची) एकुलती एक संधी त्याच्यावरच खर्ची पडते, कारण जावात एका क्लासला एकच क्लास एक्स्टेंड करता येतो. बदल झाल्याची खूण करणारी ‘सेटचेंज्ड’ मेथड बोलवायची राहिली, तर सूचना पाठवणारी ‘नोटिफायऑब्झर्व्हर्स’ मुकाट बसते, एररसुद्धा नाही! माझी एक अख्खी दुपार यात गेली आहे.

त्याच पानावर पर्याय म्हणून जावा-बीन्स पॅकेज सुचवलंय. तिथला ‘प्रॉपर्टीचेंजलिसनर’ (बदलाची सूचना घेणारा इंटरफेस) म्हणजे ऑब्झर्व्हरच की. बटणाला लिसनर जोडतो तेव्हाही आपण हेच करतो.

तो मेसेज कृपया पुढे ढकलू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याखाली एवढंच लिहा: क्लास आणि इंटरफेस डेप्रिकेटेड, पॅटर्न नाही.