'घरातल्या कुत्र्याला लस कशाला?' या मेसेजला उत्तर

पुण्यातल्या कोथरूड, कर्वेनगर भागातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. घरात राहणाऱ्या कुत्र्याला लस लागत नाही; पिल्लाला एक डोस पुरतो; गावठी कुत्र्यांना उपजतच ताकद असते; दरवर्षीचं इंजेक्शन हा डॉक्टरांचा धंदा आहे; आणि पाळीव कुत्रा चावला तर दहा दिवस वाट बघा, असं त्यात म्हटलंय. ते वाचून आमच्याच बिल्डिंगमधल्या दोन घरांनी पिल्लाची तारीख पुढे ढकलली, म्हणून हे लिहितेय.

'आमचा बाहेर जातच नाही.' तो जात नसेल, पण तुम्ही जाता ना? पार्व्हो, म्हणजे पिल्लांना रक्ताची हगवण लावणारा आजार; त्याचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो आणि नेहमीच्या फिनेलला दाद देत नाही. तळजाईच्या टेकडीवर फिरून आलात की तो चपलेच्या तळाला चिकटून थेट तुमच्या पायपुसण्यावर येऊ शकतो. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, यकृत-मूत्रपिंडांना धरणारा जिवाणूंचा आजार) तर उंदराच्या लघवीतून पसरतो. पार्किंगमधलं साचलेलं पाणी त्याला पुरतं. २५ जुलै २०२४ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घुसलं, ते घरात राहणाऱ्यांच्याच घरात घुसलं होतं. शिवाय लेप्टो झालेल्या कुत्र्याच्या लघवीतून तो माणसालाही होतो. घरात रांगतं मूल असेल तर एवढं एक वाक्य तरी लक्षात ठेवा.

'पिल्लाला एक डोस पुरतो.' या वाक्याचा मला सगळ्यात राग आहे. पिल्लाला आईच्या चिकातून प्रतिपिंडं मिळतात. ती त्याला काही आठवडे सांभाळतात, पण तीच लसीलाही निकामी करतात. ती कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळं. एकाच वेतातल्या दोन भावंडांतही वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देतात आणि शेवटचा १६ आठवडे पूर्ण झाल्यावर देतात. तो शेवटचाच सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच चुकवतात. रेबीजची लस १२ आठवड्यांनंतर, मग वर्षानं पुन्हा.

आमचं पहिलं पिल्लू घेतलं तेव्हा विकणाऱ्यानं 'सगळं झालंय' म्हणत कार्ड हातात ठेवलं. त्यावर एकच स्टिकर होता, तोही पिल्लू पाच आठवड्यांचं असतानाचा. दहाव्या आठवड्यात त्याला रक्ताची हगवण लागली. चार दिवस सलाईन चाललं, पाचव्या पहाटे ते गेलं. तेव्हा मला कार्ड वाचता येत नव्हतं. आता पिल्लू आणणाऱ्या प्रत्येकाला सांगते: बाटलीवरचा स्टिकर, बॅच नंबर, मुदत, तारीख आणि डॉक्टरांची सही-शिक्का बघा. नुसती बरोबरची खूण असेल तर लस झाली असं धरू नका.

'गावठीला काही होत नाही.' रस्त्यावर जगलेली तेवढी आपल्याला दिसतात. त्याच वेतातली मेलेली पिल्लं मोजायला कोण जातं?

'दरवर्षी इंजेक्शन म्हणजे धंदा.' यात थोडं तथ्य आहे. डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार), पार्व्हो आणि हिपॅटायटिस (यकृताचा आजार) यांच्यापासूनची संरक्षणं पिल्लूपणीचे डोस आणि त्यानंतरचा बूस्टर नीट झाले तर बरीच वर्षं टिकतात. जगभरचे पशुवैद्यही त्यांच्या लसी तीन वर्षांच्या आत पुन्हा देऊ नयेत असंच सांगतात. पण लेप्टोचं संरक्षण साधारण वर्षभरच टिकतं, आणि रेबीजची लस आपल्याकडे बहुतेक डॉक्टर दरवर्षी देतात. महापालिकेचा कुत्र्याचा परवाना काढतानाही रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. कोणती लस कशासाठी, हे डॉक्टरांना जरूर विचारा. विचारणं वेगळं, टाळणं वेगळं.

लसीनंतर एखादा दिवस कणकण येते, सुस्ती येते, टोचल्या जागी गाठ येते. तोंड सुजणं, उलट्या, धाप हे क्वचित होतं आणि बहुधा लवकरच दिसतं, म्हणून दवाखान्यात अर्धा तास बसून मग निघा.

आता ते दहा दिवस. मेसेजमधलं हे वाक्य माणूस मारू शकतं. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आपल्या हातात असते ती त्याआधीची वेळ. दहा दिवस कुत्र्यावर नजर ठेवतात ती माणसाची लस सुरू करून. कुत्रा तोवर ठणठणीत राहिला तर पुढचे डोस थांबवायचे का, ते डॉक्टर ठरवतात. दात लागला, ओरखडा उठला, तर हळद-मिरची न लावता जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायच्या इम्युनोग्लोब्युलिनबद्दल (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) तिथे स्वतःहून विचारा. कुत्रा घरचा असला आणि त्याचं कार्ड पूर्ण असलं, तरी ते कार्ड बरोबर घेऊन जा.