पन्नाशीत 'सुरुवात' करणारी लिझ स्मिथ, आणि त्याआधीची वर्षं

लिझ स्मिथ हे नाव आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसेल, पण चेहरा बऱ्याच जणांनी पाहिलाय. जॉनी डेपचा 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी' आठवतोय का, २००५ चा? त्यात चार्लीच्या त्या वाकड्या घरात एकाच पलंगावर चार म्हातारी माणसं असतात, दोघं या टोकाला दोघं त्या टोकाला, आणि त्यातली एक आजी मधेच काहीतरी भलतंच बोलते आणि स्वतःच खूश होते. ती जॉर्जिना आजी म्हणजे ही बाई. तेव्हा ती ८३ वर्षांची होती आणि अजून चार वर्षं काम करणार होती.

हिची गोष्ट सहसा कशी सांगतात माहितीये? लंडनच्या हॅम्लीज नावाच्या खेळण्यांच्या दुकानात ख्रिसमसच्या गर्दीत खेळणी विकणारी एक घटस्फोटित बाई, दोन पोरं, वय पन्नाशीला टेकलेलं, अचानक एका तरुण डिरेक्टरचा निरोप येतो आणि बाईचं नशीब पालटतं. (हॅम्लीज म्हणजे तेच, जे २०१९ मध्ये रिलायन्सने विकत घेतलं आणि आता आपल्या मॉलमध्ये पोरं ज्याच्यासमोर लोळण घेतात.) एकदम व्हॉट्सॲप फॉरवर्डला चालणारी स्टोरी, खाली दोन हात जोडलेले आणि एक उगवता सूर्य. गोष्ट खोटी नाहीये, झालं तसंच. पण मला ती ऐकली की चीड येते कारण तिच्यातून सगळ्यात महत्त्वाचा भाग गाळलेला असतो, आणि तो गाळला की असं वाटतं की बाई नुसती उभी होती आणि वरून लॉटरी पडली.

तर थोडं मागे जाऊ. जन्म ११ डिसेंबर १९२१, इंग्लंडच्या लिंकनशायरमधलं स्कन्थॉर्प, पोलादाच्या कारखान्यांचं गाव. खरं नाव बेटी ग्लीडल. दोन वर्षांची होती तेव्हा आई बाळंतपणात गेली. सात वर्षांची झाली तेव्हा वडील गेले, म्हणजे वारले नाहीत, सोडून गेले, दुसरा संसार थाटला आणि या पोरीशी संबंधच तोडला. वाढवलं आजीने. आजोबांनी चार वर्षांची असल्यापासून सिनेमाची चटक लावलेली. मग युद्ध आलं, ही ब्रिटिश नौदलाच्या महिला दलात भरती झाली आणि त्या नोकरीत भारतात येऊन राहिली, नवरा जॅक थॉमस तिला इथेच भेटला. १९४५ ला लग्न, एक मुलगी एक मुलगा, आणि १९५९ ला घटस्फोट. त्या काळात इंग्लंडमध्येसुद्धा घटस्फोटित बाईकडे लोक कसं बघायचे हे तिने नंतर सांगितलंय, ते वाचताना आपल्याकडची एखादी चाळ डोळ्यासमोर येते, नमुने तेच, फक्त तिकडे थंडी जास्त.

पुढची वर्षं म्हणजे मिळेल ते काम. प्लास्टिकच्या पिशव्यांचा कारखाना, दुकानं, कुठे सिझनचं काम, दोन पोरांचं पोट. आणि आता तो गाळलेला भाग. हे सगळं करून ही बाई संध्याकाळी जायची चार्ल्स मॅरोविट्झ नावाच्या एका अमेरिकन माणसाच्या ग्रुपमध्ये. हा लंडनमध्ये मेथड ॲक्टिंग आणि इम्प्रोव्हायझेशन शिकवणारा, प्रयोग करणारा माणूस, तेव्हाच्या इंग्लिश नाटकवाल्यांना जरा विचित्रच वाटावा असा. कारण तिकडची पद्धत काय, तर लेखकाचा शब्द म्हणजे देववाक्य, उच्चार शुद्ध, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत. आणि इथे स्क्रिप्टच नाही. एक माणूस घ्यायचा, त्याचं घर, त्याची नोकरी, त्याचा राग, सगळं आतून बांधायचं आणि मग त्याला एका प्रसंगात सोडून द्यायचं, जे बोलेल ते बोलेल. यात पैसा शून्य, नाव शून्य, पेपरात फोटो येण्याचा प्रश्नच नाही. दिवसभर उभं राहून काम करून आलेली, घरी दोन पोरं असलेली बाई वर्षानुवर्षं हे करत होती. का, ते मला खरंच सांगता येणार नाही, आपल्याकडे हौशी नाटकवाल्यांना विचारा, ऑफिस सुटल्यावर तालमीला पळणाऱ्यांना, त्यांनाही सांगता येत नाही.

आता तो निरोप. निरोप पाठवणारा होता माईक ली, वय सत्तावीस अठ्ठावीस, त्याचा पहिला सिनेमा 'ब्लीक मोमेंट्स' तो करत होता जो १९७१ ला आला. आणि माईक ली काम कसं करतो? स्क्रिप्टशिवाय! नटांना घेऊन बसायचं, इम्प्रोव्हायझेशन करत करत पात्रं उभी करायची आणि त्यातून गोष्ट काढायची. त्याला हवी होती मध्यमवयीन बाई जिला हे जमतं. आता सांगा, १९७० च्या इंग्लंडमध्ये पन्नाशीच्या किती बायका असतील ज्यांनी आयुष्याची मोठी मोठी वर्षं नेमकं हेच केलंय? बाकी तिच्या वयाच्या नट्या जुन्या शाळेतल्या, स्क्रिप्ट काढून घेतलं की गोंधळणार. म्हणजे मार्केटमध्ये जो माल कुणालाच नको होता त्याला अचानक एक गिऱ्हाईक आलं आणि माल हिच्याकडेच होता. हे जर नशीब असेल तर नशीब फार मेहनती प्रकार आहे बुवा.

त्यानंतर लगेच १९७३ ला बीबीसीच्या 'प्ले फॉर टुडे' या स्वतंत्र टीव्ही-नाटकांच्या मालिकेसाठी माईक लीनेच 'हार्ड लेबर' केलं आणि त्यात ही मेन रोलमध्ये. मिसेस थॉर्नली. सॅलफर्डमधली, घरचं सगळं करून वर दुसऱ्याच्या घरची साफसफाई करणारी बाई. दोन सीन सांगतो. एकात नवरा खुर्चीत बसून तिच्याकडून खांद्याला पाठीला मलम चोळून घेतोय, आणि तिचे हात चाललेत पण चेहऱ्यावर काहीच नाही, राग नाही, किळस नाही, प्रेम तर नाहीच, नुसतं अजून एक काम. दुसऱ्यात ती चर्चमध्ये कन्फेशनला जाते आणि सांगते की माझं माणसांवर पुरेसं प्रेम नाही. समोर पाद्री आहे, त्याचं लक्षसुद्धा नाही. मी हे पाहिलं तेव्हा पहिली रिॲक्शन अशी की ही बाई ॲक्टिंग करतच नाहीये, कुणीतरी खरीच कामवाली आणून बसवलीय. (आणि हो, यात एक टॅक्सी ड्रायव्हर आहे नसीम नावाचा, नीट बघा, तो बेन किंग्जली आहे. गांधी व्हायला अजून नऊ वर्षं होती.)

पण माझा खरा मुद्दा पुढेच आहे. यानंतर तिला कामं मिळत गेली ती बहुतेक म्हाताऱ्यांचीच. आया, आज्या, शेजारणी, स्वयंपाकिणी, घरमालकिणी. आणि हिने एकाही म्हातारीला गोड केलं नाही. हट्टी, आपमतलबी, खादाड, लबाड, दुसऱ्याच्या बोलण्यात स्वतःचंच घोडं दामटणाऱ्या. म्हणजे जशा खऱ्या असतात तशा, ज्यांच्यावर आपलं प्रेमही असतं आणि ज्यांचा आपल्याला प्रचंड त्रासही होतो.

१९८४ चा 'अ प्रायव्हेट फंक्शन' घ्या. युद्ध संपलंय पण रेशनिंग चालू, साल १९४७, राजकन्येचं लग्न जवळ आलंय आणि यॉर्कशायरच्या एका गावातली बडी मंडळी मेजवानीसाठी चोरून एक डुक्कर पाळतायत. ते डुक्कर एका बिचाऱ्या पायाच्या डॉक्टरच्या घरी येऊन पडतं. मॅगी स्मिथ त्याची बायको, आणि लिझ स्मिथ मॅगी स्मिथची आई, खऱ्या वयात दोघींत फक्त तेरा वर्षांचं अंतर. घरात डुकराचा वास सुटतो आणि लेक बिनधास्त सगळा आळ म्हाताऱ्या आईवर ढकलते! आणि ही आई बिचारी वगैरे नाही हं, तिचं सगळं लक्ष खायला काय मिळतंय यावर. या रोलसाठी तिला बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश सिनेमाचं सगळ्यात मोठं ॲवॉर्ड मिळालं, सहायक अभिनेत्रीचं, वय ६३. आणि एक योगायोग मला फार आवडतो, त्या डुकरिणीचं सिनेमातलं नाव बेटी. हिचं जन्माचं नाव.

त्याच वर्षी टीव्हीसाठी झालेल्या 'अ ख्रिसमस कॅरोल'मध्ये (डिकन्सची गोष्ट, त्यातला कंजूष म्हातारा स्क्रूज झाला होता जॉर्ज सी. स्कॉट) तिने मिसेस डिल्बर केली. म्हणजे ती बाई जी मेलेल्या म्हाताऱ्याच्या पलंगाचे पडदेसुद्धा सोडत नाही, काढून विकायला नेते. आणि १९९९ ला पॅट्रिक स्टुअर्टवाला आला तर त्यातही मिसेस डिल्बर हीच! पंधरा वर्षांच्या अंतराने, वेगळ्या डिरेक्टरला, मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी बाई हवी तर पुन्हा हिलाच बोलवावंसं वाटलं, मला तर हे बाफ्टापेक्षा मोठं सर्टिफिकेट वाटतं.

'द व्हिकार ऑफ डिब्ली' या सिरीयलमधली मिसेस क्रॉप्ली घरोघरी फेमस आहे, भयंकर पदार्थ करून लोकांना प्रेमाने खायला घालणारी, त्यावर सगळ्यांनीच लिहिलंय म्हणून मी लिहीत नाही. माझ्यासाठी लिझ स्मिथ म्हणजे 'द रॉयल फॅमिली'मधली नाना. १९९८ ला सुरू झालेली बीबीसीची सिरीयल, नावात रॉयल पण राजघराणं वगैरे काही नाही, ते नुसतं आडनाव, मँचेस्टरमधलं एक कामगार कुटुंब सोफ्यावर बसून टीव्ही बघतंय आणि बोलतंय, एवढंच. मागे हशाचा ट्रॅक नाही, पंच मारून थांबणं नाही. अशा ठिकाणी आजी करायची म्हणजे लपायला जागाच नाही. ही नाना लेकीकडे येऊन सोफ्यावर बसते, जावयाचे टोमणे तिला ऐकू आले की नाही हे शेवटपर्यंत कळत नाही, तब्येतीची तक्रार अशी करते की समोरच्याने चहा केलाच पाहिजे. जावई जिम तिला उघड शिव्या घालतो आणि तरी दोघांचं काहीतरी एक आहे.

२००६ ला या मालिकेचा एक स्पेशल भाग आला, 'द क्वीन ऑफ शीबा'. नाना अंथरुणाला खिळलीय, पलंग बाहेरच्या खोलीतच टाकलाय, टीव्ही चालूच. एका सीनमध्ये लेक बार्बरा आईचे केस नीट करत बसते. बाकी काही होत नाही. ना कुणी ओक्साबोक्शी रडतं, ना व्हायोलिन. मी रडलो, सांगायला लाज नाही, कारण ज्यांनी घरात म्हातारं माणूस सांभाळलंय त्यांना माहितीये की शेवटी शेवटी हातात तेवढंच उरतं, केस विंचरून देणं, उशी सारखी करणं. आणि हे लागू पडतं कारण आधी तीन सिझन या बाईने नानाला गोड होऊ दिलं नव्हतं. या भागासाठी तिला पुढच्या वर्षी ब्रिटिश कॉमेडी ॲवॉर्ड मिळालं, वय ८५.

आपल्या सिरीयलमधली आजी बघा आता. एक तर देवघरात बसलेली संस्कारांची टाकी, नाहीतर 'कूल आजी' जी गॉगल लावून बाईक चालवते आणि नातीला बॉयफ्रेंडवरून चिडवते. भूक, हेवा, विसराळूपणा, पैशाची भीती, यातलं काही तिच्या वाट्याला येतच नाही. यात नट्यांचा दोष नाही, आपल्याकडे अशा नट्या ढिगाने आहेत, त्यांना लिहून कोण देतंय? तिकडे बीबीसीला टीआरपीच्या भीतीशिवाय एका कामवाल्या बाईवर सव्वा तासाचं नाटक करावंसं वाटलं, म्हणून लिझ स्मिथ दिसली. हे नसतं तर ती हॅम्लीजमध्येच रिटायर झाली असती आणि तिच्याइतकीच चांगली राहिली असती, फक्त आपल्याला कळलं नसतं.

२००९ ला तिला एमबीई हा ब्रिटिश सरकारी किताब मिळाला, त्याच वर्षी स्ट्रोक आले आणि ८७ व्या वर्षी तिने थांबायचं ठरवलं. २४ डिसेंबर २०१६ ला गेली, ९५ वर्षांची होऊन. त्याच वर्षी जुलैमध्ये 'द रॉयल फॅमिली' लिहिणारी कॅरोलाइन अहर्न गेली होती, जी त्यात नानाच्या नातीचं, डेनिसचं काम करायची. लिझवर मग जिकडे तिकडे 'लाडकी आजी', 'ब्रिटनची फेव्हरेट ग्रॅनी' असलं छापून आलं. लाडकी होतीच, पण तिच्या कामाबद्दल बोलायचं तर फार पांचट शब्द आहे तो.

कुणाला बघायचं असेल तर 'हार्ड लेबर'पासून सुरू करू नका, दहाव्या मिनिटाला मला शिव्या घालाल. आधी 'अ प्रायव्हेट फंक्शन' बघा, मग 'द रॉयल फॅमिली' अगदी पहिल्या एपिसोडपासून, थेट 'क्वीन ऑफ शीबा'वर उडी मारली तर काही हाती लागणार नाही. आणि सबटायटल लावा, तो मँचेस्टरचा ॲक्सेंट तिसऱ्या एपिसोडपर्यंत कुणाच्या बापाला कळत नाही.