मालकाचा प्रतिसाद: शनिवारी नेलेली पूड रविवारी कशी लागू पडेल?

दादा, नमस्कार. तुमची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं गेली, त्याचं आम्हालाही वाईट वाटतं आणि झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत. पण एक तारा देऊन "हळद महाग विकतात, ताण कमी करणारी म्हणून दिली, तरी अर्धे मासे मेले" असं तुम्ही लिहिलंत. इंदापूर तालुक्यातले तळेवाले हे वाचूनच दुकानात यायचं की नाही ते ठरवतात, म्हणून बोलणं भाग आहे.

ताण कमी करणारी ती पूड तुम्ही शनिवारी संध्याकाळी नेलीत, बिलावर वेळ छापलेली आहे. रविवारी पहाटे जाळं ओढून रोहू-कटला टेम्पोत भरलात. मधे जेमतेम एक खाणं झालं. दादा, जाळं लागलं की माशाच्या रक्तात कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक चढतं, मागोमाग साखर चढते. ते सोसायची ताकद यावी म्हणून हळद, लसूण, अश्वगंधा, व्हिटॅमिन सी आधीपासून खाद्यातून रोज द्यावं लागतं. मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत रोहूच्या पिल्लांचा ताण ट्रिप्टोफॅनने (हे एक अमिनो आम्ल) कमी होतो का, यावर काम झालंय. तिथेही ते खाद्य कित्येक आठवडे दिलं गेलं, एक रात्र नव्हे.

शिवाय वाहतुकीआधी 24 तास मासे उपाशी ठेवतात. पोट भरलेला मासा प्रवासात घाण करतो, पाण्यात अमोनिया वाढतो, ऑक्सिजनही जास्त लागतो. काउंटरवरच्या आमच्या मुलाने हे सांगितलं, तेव्हा "माहितीये मला" म्हणालात आणि रात्री पूड चोळून भरपूर खाद्य टाकलंत. त्यात आभाळ भरलेलं. सूर्योदयाआधी तळ्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, मासे आधीच वर तोंड काढत होते असं तुम्हीच फोनवर सांगितलंत. ऑक्सिजनची कमी कुठलीही पूड भरून काढत नाही, आम्ही तसं कधी म्हटलेलंही नाही.

भावाचं म्हणाल तर पुडीत नुसती हळद नाही. साधं व्हिटॅमिन सी पाण्यात लगेच विरघळून जातं, म्हणून आवरण दिलेलं घ्यावं लागतं, ते महाग पडतं. तेलात कालवून खाद्याला चोळा, असं पाकिटावर लिहिलेलं असतं ते पूड दाण्याला धरून राहावी म्हणून.

"किती दिवस आधी सुरू करायचं" हे पाकिटावर आणखी मोठ्या अक्षरात छापून घेऊ, बाकीही सुधारणा करतोय. पुढची बोटुकली सोडण्याआधी कळवा, पहाटे ऑक्सिजन मोजायचं मीटर घेऊन तुमच्या तळ्यावर येतो. त्याचे पैसे घेणार नाही. आणि जमलं तर तेवढी शनिवार-रविवारची गोष्ट तुमच्या लिखाणात घाला.