‘दुखत नाही ना? मग तपासायचं कशाला?’

परवा आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर थोरल्या काकांनी एक मेसेज ढकलला. ‘कॉन्टॅक्ट लेन्सवाल्यांची दरवर्षीची तपासणी म्हणजे निव्वळ लूट! चष्म्याचा नंबर तोच लेन्सचा नंबर. डोळा दुखत नसेल तर डॉक्टरकडे जाऊच नका. बिननंबरी रंगीत लेन्सला तर काहीच लागत नाही. सोल्युशनऐवजी उकळलेलं मिठाचं पाणी वापरा. जास्तीत जास्त शेअर करा.’ खाली सात-आठ जणांचे जोडलेले हात.

एरवी असलं काही न वाचताच मी पुढे सरकते. पण तासाभरात भाचीचा फोन. “मावशी, शनिवारची अपॉइंटमेंट रद्द केली गं. आजोबांनी पाठवलंय ते वाचलंस ना? आणि मला त्रास कुठे आहे? संध्याकाळी जरा चुरचुरतं, तेवढं सगळ्यांनाच होतं.” ही पोरगी दोन वर्षं त्याच जुन्या नंबरवर घरबसल्या लेन्स मागवते आहे.

तर काका, राग मानू नका. तुम्ही पेपर वाचण्यापुरता चष्मा लावता, मी चौदा वर्षं लेन्स लावते आहे.

आधी नंबर. माझा चष्मा उणे साडेसहाचा आणि लेन्स उणे सहाच्या. चष्म्याची काच डोळ्यापासून साधारण १२ मिलिमीटर लांब असते, लेन्स डोळ्यावरच बसते. नंबर मोठा असला की एवढ्याशा अंतरानेही हिशेब बदलतो. चारच्या आतल्या नंबरात हा फरक धरण्यासारखा नसतो, हे मुकाट्याने कबूल करते. मेसेज लिहिणाऱ्याचा नंबर दीड-दोन असणार. पण लेन्सच्या खोक्यावर नंबराशेजारी ८.६ आणि १४.२ असे आणखी दोन आकडे असतात. पहिला लेन्सच्या गोलाईचा, दुसरा व्यासाचा. चष्म्याच्या कागदावर ते शोधून दाखवा. प्रत्येक उघडझापीला लेन्स किंचित सरकायला हवी, म्हणजे खाली अश्रू खेळते राहतात. ती सरकते की चिकटून बसली आहे, हे स्लिट लॅम्पमधून, म्हणजे डॉक्टरांकडच्या दिवा लावलेल्या सूक्ष्मदर्शकातून, बघावं लागतं. आरशात दिसत नाही.

आता ते ‘दुखत नसेल तर’. सगळ्या मेसेजमध्ये मला हेच वाक्य सगळ्यात जास्त लागलं.

बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, रक्तवाहिन्या नसतात. जागेपणी त्याला ऑक्सिजन मिळतो तो मुख्यतः हवेतून, अश्रूंवाटे. वर लेन्स बसली की ही वाट अरुंद होते, आणि वर्षानुवर्षं तसंच चाललं तर कडेच्या बारीक रक्तवाहिन्या आत सरकायला लागतात. माझ्या सरकल्या होत्या. तेव्हा मी रोज चौदा-चौदा तास लेन्स घालत होते आणि तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचत होते. दुखणं शून्य. डॉक्टरांनी आधी दिव्याखाली बघितलं, मग लेन्स काढायला लावून, ओरखडे उठून दिसावेत म्हणून नारिंगी रंगाची कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवली, निळा दिवा लावला, मग वरची पापणी काडीवर उलटून बघितली. म्हणाले, दोन महिने चष्मा लावा. मी चक्क वाद घातला, मला दिसतंय की सगळं!

माझ्यावर विश्वास नसेल तर हे ऐका. इंग्लंडमधल्या सोलिहलच्या इस्पितळात ६७ वर्षांची एक बाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आली. ३५ वर्षं दर महिन्याला बदलायच्या लेन्स वापरत होती, नियमित तपासणी मात्र नाही. भूल देताना डॉक्टरांना डोळ्यात एक निळसर गोळा दिसला. एकमेकींना चिकटलेल्या १७ लेन्स. नीट शोधल्यावर आणखी १०. ऑपरेशन पुढे ढकलावं लागलं. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ही केस छापून आली. आणि बाईचं म्हणणं काय, तर डोळा कोरडा पडतो, वय झालं, म्हणून टोचत असेल. आमच्या भाचीचं ‘तेवढं सगळ्यांनाच होतं’ याहून काय वेगळं आहे?

(लेन्स डोळ्यामागे जाते म्हणून घाबरणाऱ्यांसाठी: मागे जात नाही. पापणीच्या आतलं अस्तर वळून डोळ्यालाच जोडलेलं असतं, तिथे वाट बंद. त्या वळचणीत लपते मात्र खुशाल.)

मिठाचं पाणी. अहो, हा प्रयोग अमेरिकेत १९८०च्या दशकात होऊन गेला. मिठाच्या गोळ्या विरघळवून लोक घरी सलाइन करायचे. त्यातून अकँथअमीबा नावाचा जीव कॉर्नियात शिरल्याच्या केसेस वाढल्या, तेव्हा सरकारी साथरोग संस्थेने चौकशी केली. पाणी उकळलंत तरी मीठ, बाटली, बोटं कुठे उकळता? शिवाय मिठाच्या पाण्याने लेन्स ओली राहते, तिच्यावरचे जंतू मरत नाहीत.

रंगीत लेन्सही त्याच कॉर्नियावर बसते. अमेरिकेत २००५ पासून बिननंबरी लेन्ससुद्धा कायद्याने वैद्यकीय साधन आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही.

राहता राहिली लूट. मशीनवर हनुवटी टेकवायची, आकड्यांची चिठ्ठी फाडून द्यायची आणि लगेच लेन्सची खोकी समोर मांडायची, यालाच काही दुकानं तपासणी म्हणतात. त्याला लूट म्हणत असाल तर काका, मी तुमच्या बाजूने. पापणी उलटून न बघता पैसे मागितले तर खुशाल भांडा.

भाचीची वेळ मी पुन्हा घेतली आहे, शनिवारी अकरा. चष्मा लावून जा. लेन्स डबीत घालून ने, सोल्युशनची बाटली आणि रिकामं खोकंही ने. त्या नारिंगी पट्टीनंतर लेन्स लगेच घालता येत नाही, रंग चढतो. आणि संध्याकाळच्या चुरचुरण्याचं त्यांना तुझ्या तोंडाने सांग, मला नको.