बटण बदडून मारिओ जोरात पोहत नाही

दिवाळीच्या सुट्ट्यांपासून आमच्या आर्वी तालुक्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक क्लिप फिरते आहे. व्हिडिओ गेममधला मारिओ पाण्यातून सपकन निघून जातो, कुठे अडखळत नाही, कुठल्याच जीवाला त्याचा धक्का लागत नाही. खाली लांबलचक मजकूर आहे. त्यात म्हटलंय की हे माणूस खेळत नसून कॉम्प्युटर खेळतो. तो सेकंदाला शेकडो वेळा बटण दाबतो, म्हणून मारिओ एवढ्या जोरात पोहतो. ही शुद्ध फसवणूक आहे, खऱ्या मशीनवर असं होऊच शकत नाही. आणि पोरांनी याच्या नादी लागू नये, कारण यातून माणसाला काही शिकता येत नाही.

मी गावात कॉम्प्युटर क्लास चालवतो. क्लासला येणारी पोरं हा मजकूर खरा धरून बोलायला लागली, तेव्हा गप्प बसणं बरं वाटलं नाही. ती क्लिप टासची आहे. टास म्हणजे टूल-असिस्टेड स्पीडरन: गेम थांबवत, कोणत्या क्षणी कोणतं बटण हे आधी ठरवून, तो कमीत कमी वेळात संपवणं. एकेक मुद्दा घेतो.

आधी शेकडो वेळा बटण दाबण्याचं, कारण लोकांना सगळ्यात जास्त पटतं ते हेच, आणि सगळ्यात चुकीचंही हेच आहे.

१९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स घ्या. टीव्हीला जोडायच्या स्वस्त मशीनवर, जत्रेतून आणलेल्या कॅसेटीत, आपल्यापैकी कित्येकांनी तो खेळलाय. मूळ मशीनवर चित्र सेकंदाला साधारण ६० वेळा बदलतं. त्या एकेका चित्राला फ्रेम म्हणतात. या गेममध्ये पाण्यात ए बटण मारिओला फक्त वर उचलतं, पुढे नेण्याचं काम बाणाच्या बटणाचं. पोहताना त्याचा जास्तीत जास्त वेग फ्रेममागे दीड पिक्सेल. तळाला पाय टेकले की तोच वेग एक पिक्सेलवर येतो. कोरड्या जमिनीवर पळताना तो अडीच असतो. आता ए कितीही बदडा, दीडचे दोन होत नाहीत. उलट मारिओ वर वर जातो, पाण्यातल्या स्क्विड या शत्रूच्या वाटेत येतो, आणि पाईपच्या तोंडाशी नेमक्या उंचीवर पोचायला त्याला पुन्हा खाली यावं लागतं. म्हणून चांगल्या टासमध्ये पाय तळाला लागू न देण्यापुरतंच आणि आडवं येणारं काही चुकवण्यापुरतंच ए दाबलेलं असतं.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. या गेममधली बाकीची लेव्हल संपली की पुढची लगेच सुरू होत नाही. दर २१ फ्रेमला एकदा दार उघडावं तसा तो हिशेब आहे, त्यामुळे मधे वाचवलेली एखाद-दुसरी फ्रेम बहुतेक वेळा वायाच जाते. ८-४ या शेवटच्या लेव्हलमध्ये मात्र गेम संपवणाऱ्या कुऱ्हाडीला हात लागला की वेळेची मोजणी तिथल्या तिथे थांबते, आणि सगळ्यात जवळच्या वाटेनं गेलं तर लागणारी पाण्याची खोली आहे ती नेमकी ८-४ मध्येच. ज्या पाण्याला आपण लहानपणी कंटाळायचो, त्याच पाण्यात एकेका फ्रेमची किंमत सगळ्यात जास्त आहे.

१९९६ च्या सुपर मारिओ ६४ मध्ये तर बदडणं सरळ नुकसानीचं आहे. त्या गेमचा कोड चाहत्यांनी उलगडून २०१९ मध्ये सगळ्यांपुढे ठेवला, त्यामुळे इथे अंदाजाला जागा नाही. गेम आतल्या आत पोहण्याच्या ताकदीचा एक आकडा धरून ठेवतो. पहिला हात मारला की तो १६० असतो. हात मारून झाल्यावर बटण वेळेत सोडलं आणि पुढच्या हातासाठी नेमक्या फ्रेमला ते पुन्हा दाबलेलं असलं, की आकडा १० ने वाढतो. असं करत करत तो २८० पर्यंत जातो. एक वेळ चुकली की पुन्हा १६०. हात अर्धवट असतानाच घाईनं बटण दाबलं, तर गेम तो हात मधेच तोडून नव्यानं सुरू करतो आणि ताकद तळाला नेतो. नुसतं दाबून धरलं तर मारिओ पाय हलवत राहतो आणि त्याचा वेग (हे माप ताकदीच्या आकड्याहून वेगळं) हळूहळू १२ कडे येतो. विहिरीत पोहायला शिकलेल्या कुठल्याही पोराला हे सांगावं लागणार नाही की पाणी जास्त उडवणारा मागे राहतो आणि हात पुरता ओढून घेणारा पुढे जातो.

क्लासमध्ये मी एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या मशीनचे गेम कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर, ताकदीचा हा आकडा पडद्याच्या कोपऱ्यात उघडून ठेवला. आठवीतली एक मुलगी गेम थांबवून एकेक फ्रेम पुढे सरकवत होती. बटण सोडायची फ्रेम आली की सोडायची, मोजायची, पुन्हा दाबायची. १६०, १७०, १८०. शेजारच्या मशीनवर एक पोरगा दोन्ही अंगठ्यांनी ए बदडत होता आणि त्याचा आकडा काही हलेना. तो वैतागून म्हणाला, “सर, हा तं एकशे साठच्या पुढं सरकूनच नाही रायला!” त्या मजकुरातल्या पहिल्या दाव्याला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

प्रत्येक गेमचं पाणी वेगळं असतं, हेही ध्यानात घ्यायला हवं. सुपर मारिओ वर्ल्डमध्ये हातात एखादी वस्तू धरून पोहलं तर मारिओ रिकाम्या हातापेक्षा जोरात जातो. तिथे टास करणारा पाण्यात शिरण्याआधी वस्तू कुठून उचलायची याचा विचार करतो. नुसतं बटण बदडणाऱ्या यंत्राला हे सुचणार नाही.

आता “कॉम्प्युटरच खेळतो” याबद्दल. टासची फाईल म्हणजे कोणत्या फ्रेमला कोणतं बटण दाबलं याची यादी, बाकी काही नाही. १९८५ च्या मशीनच्या रिमोटला आठ बटणं. म्हणजे एका फ्रेमला २५६ शक्यता. कॉम्प्युटरला सगळ्या शक्यता तपासायला सांगितल्या, तर फक्त एका सेकंदाच्या खेळासाठी १४५ आकडी संख्या होते. ते कुणाच्याच आवाक्यातलं नाही. माणूस आधी ठरवतो की इथे तळ टाळायचा, इथे स्क्विडच्या खालून जायचं, या पाईपशी या उंचीवर पोचायचं. मग तो तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लोड करून खेळून पाहतो. एखादा छोटा तुकडा स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लावून शोधतात, हे खरं आहे आणि ते कुणी लपवत नाही. पण कुठे शोधायचं, काय वाचवायचं, हे माणसाचं डोकं सांगतं. सुपर मारिओ ६४ चे सगळे १२० तारे गोळा करणारा २०१२ चा टास घ्या. तो १ तास २० मिनिटं ४१ सेकंदांचा आहे, आणि कित्येक जणांनी मिळून केलेल्या मेहनतीतून तो उभा राहिला. त्यात पाण्याच्या लेव्हल टाळताच येत नाहीत, कारण तारे पाण्याखालीही आहेत.

फसवणूक म्हणाल, तर ती तेव्हा होते जेव्हा एक गोष्ट दुसरी म्हणून खपवली जाते. टास करणारे तो टास आहे असं सांगूनच देतात. माणसानं थेट हातानं खेळलेल्या स्पीडरनची यादी वेगळी, टासची वेगळी, आणि दोन्हींची कधी स्पर्धा लावत नाहीत. गोंधळ होतो तो मधल्या माणसामुळे. २००३ मध्ये मोरिमोतो या जपानी खेळाडूचा सुपर मारिओ ब्रदर्स ३ चा सुमारे ११ मिनिटांचा व्हिडिओ असाच काही न सांगता जगभर फिरला. लोकांनी तो हातानं खेळलेला समजला, आणि खरं कळल्यावर त्यालाच लबाड ठरवलं. आज आमच्या ग्रुपांवर तेच चाललंय. टास हा शब्द कुणीतरी कापून टाकला आणि वर फसवणुकीचा शिक्का मारला. ज्यानं रात्री घालवून ती फाईल बनवली त्याच्यावर हा अन्याय आहे, आणि मला त्याचा राग येतो.

खऱ्या मशीनवर चालत नाही, हा दावा तर फार जुना. जानेवारी २०१४ मध्ये गेम्स डन क्विक या स्पीडरनच्या धर्मादाय कार्यक्रमात टासबॉट नावाच्या यंत्रानं रिमोटच्या जागी बसून खऱ्या मशीनला अशाच बटणांच्या याद्या सगळ्यांसमोर पुरवल्या. गेममध्ये काहीही बदललेलं नव्हतं. मशीनला बटणं मिळाली आणि ती चालली.

राहिलं माणसानं यातून शिकण्याचं. सुपर मारिओ ब्रदर्समध्ये झेंड्याच्या खांबाशी वेळ वाचवणारी युक्ती आधी टासमध्ये आली. हातानं खेळणारे बरीच वर्षं म्हणत होते की हे बोटांना जमणार नाही. मग त्यांनी ती सरावात घेतली. एप्रिल २०२१ मध्ये निफ्टस्की या खेळाडूनं तो गेम ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत संपवला, आणि आता माणसाचा विक्रम टासपासून अर्ध्या सेकंदाच्याही आत आहे. टासनं आधी दाखवलं नसतं, तर कुठली फ्रेम कुठे वाचते हे त्याला कळलं कुठून असतं?

आमच्या क्लासमधल्या त्या मुलीनं आता वहीत दोन रकाने आखलेत, एकात फ्रेम, दुसऱ्यात ताकद. वजाबाकी, सरासरी, एक गोष्ट बदलून बाकीच्या तशाच ठेवून पाहणं, हे सगळं ती कुणी न सांगता करते आहे. तिच्या वडिलांनीही तो मजकूर पुढे पाठवला होता. त्यांना मी एवढंच म्हटलं, की भाऊ, क्लिप खुशाल पाठवा, पण खालचा मजकूर काढा आणि वर लिहा: हा टास आहे.