‘अंशतः खरे आहे’ या उत्तराचे मोल

विधानसभेतील तारांकित प्रश्नांची (म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यावे यासाठी आमदारांनी विचारलेल्या प्रश्नांची) छापील उत्तरे हा निव्वळ सोपस्कार असतो, असे या विषयावरील लेखात म्हटले आहे; ते मला पटले नाही. आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद रिक्त आहे ‘हे खरे आहे काय’, असा प्रश्न आमच्या आमदारांनी विचारला होता, आणि तोवर तोंडी सगळे नाकारणाऱ्या यंत्रणेला ‘हे अंशतः खरे आहे’ असे मंत्र्यांच्या नावाने लेखी मान्य करावे लागले. (यातले ‘अंशतः’ नेमके किती, हे मात्र आम्हाला अजूनही उमगलेले नाही.) तोच कागद जोडून आम्ही माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तेव्हा पद भरण्याचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर अडकला आहे ते कळले.

या पद्धतीतील खरी उणीव लेखात आलीच नाही. प्रश्नोत्तराच्या तासात मोजक्याच प्रश्नांची पाळी येते, उरलेल्यांची उत्तरे सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात आणि तेथे उपप्रश्नाची संधीच राहत नाही. त्यामुळे ‘विलंबाची कारणे काय आहेत’ या प्रश्नाच्या शेवटच्या भागापुढे ‘प्रश्न उद्भवत नाही’ एवढे लिहून विभाग मोकळा होतो.